जत्रेतली जखम आणि दाद मागण्याचा हक्क

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी उंडवडी गवळ्याचीचा मुक्काम आटोपून बारामतीत येते. पुढे काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते. मग सणसर. बेलवाडीला पहिले गोल रिंगण, निमगाव केतकीचा मुक्काम, इंदापुरात पुन्हा रिंगण, आणि सराटीहून नीरा ओलांडून पालखी अकलूजकडे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात जाते. बेलवाडीचे रिंगण ज्याने पाहिले आहे त्याला वर्णन करून सांगायला नको. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी, टाळकरी धावतात आणि शेवटी अश्व सुटतात. टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे दोर ओलांडून झेपावतात. त्या वेळी सगळ्यांचे डोळे अश्वाकडे असतात. दोर कोणी बांधला आणि तो तुटला तर काय, हा विचार त्या गर्दीत कोणाच्या मनात येत नाही. यावा असेही नाही.

पालखी वर्षातून एकदा. पण शिर्सुफळची शिरसाई आहे, करंज्याचा सोमेश्वर आहे, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे, इंदापूरला चाँदशाहवली बाबांचा उरूस आहे. गणपती आणि दहीहंडी आहे. कुस्त्यांचे फड आहेत, बैलगाड्यांच्या शर्यती आहेत. या प्रत्येक ठिकाणी आकाशपाळणा लागतो, लाकडी बल्ल्यांचा मंच उभा राहतो, वायरी लोंबतात, शोभेची दारू उडते. आणि कधीतरी पाळण्याचा खिळा निसटतो, मंच खचतो, मिरवणुकीतली कमान विजेच्या तारेला लागते.

त्यानंतर काय होते ते आपण सगळे जाणतो. जखमीला दवाखान्यात नेतात. गावातली चार शहाणी माणसे बसतात. वर्गणीतून काही रक्कम काढली जाते. कोणी पुढारी येऊन मदत जाहीर करतो. घरातले म्हातारे माणूस म्हणते, ‘त्याची घडी भरली होती.’ आमच्या घरात म्हणतात, ‘अल्लाची मर्जी.’ दोन्ही वाक्ये सांत्वनाची आहेत आणि सांत्वन म्हणून मला ती प्रिय आहेत. पण खिळा कोणी ठोकला, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. आज मला त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगायचा आहे. मी वकील नाही, बी.ए. झालेला कवी आहे. पण शब्दांशी माझा संबंध आहे, आणि हा सगळा इतिहास तीन शब्दांमधल्या फरकाचा आहे. मदत, सानुग्रह अनुदान आणि नुकसानभरपाई. पहिले दोन शब्द देणाऱ्याच्या मनाचे आहेत. तिसरा मागणाऱ्याच्या हक्काचा आहे.

गंमत अशी की, आपल्या न्यायालयांत आजही ज्या इंग्रजी कायद्याच्या आधाराने भरपाईचे दावे चालतात, त्यातला एक फार जुना आणि गाजलेला खटला जत्रेतलाच आहे. २८ ऑक्टोबर १७७०. इंग्लंडमधल्या मिलबोर्न पोर्ट या छोट्या गावात जत्रेचा दिवस होता. संध्याकाळी शेफर्ड नावाच्या पोराने पेटवलेला फटाका भरल्या बाजाराच्या छपराखाली फेकला. तो एका खाऊवाल्याच्या पालावर पडला. माल जळू नये म्हणून विलिस नावाच्या माणसाने तो उचलून पलीकडे भिरकावला. तो पडला रायल नावाच्या दुसऱ्या खाऊवाल्याच्या पालावर. त्यानेही उचलून पुढे फेकला. तो स्कॉट नावाच्या माणसाच्या तोंडावर लागून फुटला आणि स्कॉटचा एक डोळा गेला.

आता डोळा कोणी फोडला? हातातून फटाका सुटला तो रायलच्या. पेटवला शेफर्डने. मधल्या दोघांनी आपापला जीव आणि माल वाचवला. १७७३ मध्ये न्यायाधीशांचे यावर एकमत झाले नाही. ब्लॅकस्टनसारखा मोठा कायदेपंडित म्हणाला की, शेफर्डवर या प्रकारचा दावा चालत नाही. त्याची फेक पहिल्या पालावर संपली. पण बहुमत म्हणाले की, मधल्या दोघांनी घाबरून जे केले ते माणूस करणारच. सुरुवात ज्याने केली तोच जबाबदार. स्कॉटला १०० पौंड मिळाले. आपल्याकडच्या कुठल्याही मिरवणुकीत हा प्रसंग नावे बदलून जसाच्या तसा घडू शकतो. चेंगराचेंगरीतही हेच तत्त्व आहे. मागच्याने ढकलले म्हणून मधल्याने ढकलले, म्हणून पुढचा पडला. मधल्याला दोष देऊन भागत नाही. अरुंद वाटेवर एवढी माणसे सोडली कोणी, इथपर्यंत मागे जावे लागते.

त्याच काळात आमच्या बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत आर्या रचत होते. पेशवाई होती. त्या काळच्या मराठी कागदपत्रांत ‘बालपरवेशी’ असा एक शब्द येतो. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई ती बालपरवेशी. म्हणजे मेलेल्या माणसामागे घर असते आणि त्या घराचे देणे कोणावर तरी लागते, ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. इस्लामी न्यायशास्त्रात ‘दियत’ आहे. चुकून जीव गेला तरी मयताच्या वारसांना रक्कम द्यावी लागते. जुन्या इंग्रज टोळ्यांतही अशीच रीत होती. पुढे मात्र इंग्रजांच्या कायद्याने ती हरवली.

किती हरवली ते पाहा. १८०८ मध्ये एक माणूस आणि त्याची बायको घोडागाडीच्या छतावर बसून निघाले होते. गाडी उलटली. बायको महिनाभराने मेली. नवऱ्याने दावा लावला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले की, दिवाणी न्यायालयात माणसाच्या मृत्यूबद्दल नुकसान मागता येत नाही. ती जिवंत होती तोवरच्या त्रासाचे काय ते मिळेल. परिणाम असा की, पाय मोडला तर भरपाई आणि जीव गेला तर काही नाही. ठेकेदाराला माणूस जखमी होण्यापेक्षा मेलेला स्वस्त पडावा असा हा कायदा.

त्याच्या जोडीला आणखी एक विचित्र रूढी होती. ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाच्या खजिन्यात जमा व्हायची. बैलाने मारले तर बैल, चाकाखाली सापडला तर चाक. आगगाडी आली तेव्हा पंचांना या रूढीत एक हत्यार दिसले. १८४१ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॉनिंग इथे रेल्वेला अपघात झाला, तेव्हा पंचांनी इंजिनावर १,००० पौंड आकारले. कंपन्या हादरल्या. शेवटी १८४६ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने ही जुनी रूढी रद्द केली, दुसऱ्याने मयताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा हक्क दिला. त्याला लॉर्ड कॅम्पबेलचा कायदा म्हणतात.

हिंदुस्थानात बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि दोन वर्षांत, १८५५ मध्ये, तोच कायदा इकडे आला. १८५५ चा तेरावा कायदा. आपण त्याला जीवघेण्या अपघातांचा कायदा म्हणू. दुसऱ्याच्या गैरकृत्याने, हयगयीने किंवा कसुरीने माणूस मेला तर त्याची बायको किंवा नवरा, आईबाप आणि मुले यांना भरपाई मागता येईल, असे तो सांगतो. आईबापांत आजी-आजोबा येतात, मुलांत नातवंडे आणि सावत्र मुलेही येतात. दोन-तीन पानांचा हा कायदा सत्तावनच्या बंडाच्या आधीचा आहे आणि आजही जिवंत आहे. जत्रेत मंच कोसळून माणूस गेला, तर दिवाणी न्यायालयाचे दार उघडते ते प्रामुख्याने याच जुन्या किल्लीने.

मंचाचाही खटला आहे. चेल्टनहॅम हे इंग्लंडातले घोड्यांच्या शर्यतींचे गाव. तिथल्या शर्यतीसाठी बांधलेला प्रेक्षकांचा मंच कोसळला. पैसे भरून बसलेल्या फ्रान्सिसने आयोजक कॉक्रेलवर दावा लावला. कॉक्रेल म्हणाला, ‘मी चांगला, नावाजलेला ठेकेदार नेमला होता. त्याने कच्चे काम केले, त्याला मी काय करू?’ १८७० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा बचाव मानला नाही. तुम्ही पैसे घेऊन माणसाला मंचावर बसवता तेव्हा मंच काळजीपूर्वक बांधलेला आहे अशी हमीच देता. ती हमी ठेकेदाराच्या अंगावर ढकलता येत नाही.

यात्रा कमिटीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ‘ते ठेकेदाराचं बघा’ हे वाक्य ओळखीचे असेल. वर्गणी, मानकरी, तमाशा कोणाचा आणायचा, यावर दोन दोन तास खल होतो आणि मंडप-वीज-पाळणा हा विषय या एका वाक्यात उरकतो.

आपल्याकडे याला फार स्पष्ट उत्तर केरळच्या उच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिले. देवळाच्या उत्सवात शोभेचे दारूकाम होते. नारळाच्या करवंटीत स्फोटक भरून केलेला गुंडा आकाशात जाऊन फुटायचा, तो तिरपा सुटला आणि गर्दीत पडून फुटला. एक माणूस गंभीर जखमी झाला. उत्सव करणाऱ्यांनी तेच सांगितले की, दारूकाम स्वतंत्र ठेकेदाराला दिले होते. न्यायालय म्हणाले की, स्फोटक ही मुळातच जास्त धोक्याची वस्तू आहे. अशी वस्तू गर्दीत वापरायची तर काळजी घेण्याचे कर्तव्य दुसऱ्याला देऊन मोकळे होता येत नाही. मला हा निकाल देवस्थान, दर्गा, मंडळ अशा सगळ्यांच्या कार्यालयात चौकट करून लावावासा वाटतो. विजेबद्दल असेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितले. पावसाळी रात्री तुटून पडलेल्या तारेने सायकलस्वार मेला होता. वीज मंडळ म्हणाले, कोणी तरी आकडा टाकला होता. न्यायालय म्हणाले, धोक्याची वस्तू तुम्ही बाळगता, जबाबदारी तुमची.

पण प्रेक्षकाने स्वतःहून धोका पत्करला असेल तर? इथे कायदा जरा आखडतो, आणि मला वाटते योग्यच आखडतो. इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या मैदानात मोटारींच्या शर्यतीत दोन गाड्या एकमेकींना लागून एक कठडा ओलांडून प्रेक्षकांत शिरली. दोघे मेले. मैदान सुरू झाल्यापासून वीसेक वर्षांत असे कधी घडले नव्हते. १९३२ मध्ये अपील न्यायालयाने आयोजकांना सोडले. शर्यतीचा म्हणून जो धोका असतो, तो तिकीट काढणाऱ्याने मानलेलाच असतो, असे तर्कशास्त्र होते. आमच्या बैलगाडा शर्यतीत घाटाच्या कडेला, अगदी धावपट्टीत उभे राहणाऱ्या तरुणांना हे ऐकायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. इतकी वर्षे एवढा मोठा वाद झाला तो बैलाच्या वेदनेबद्दल. तो व्हायलाच हवा होता. पण कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या बरगड्यांचा प्रश्न त्या कागदांच्या ढिगात कुठे मध्यभागी आला नाही, याची नोंद करून पुढे जातो.

आता आपल्या उंबऱ्याशी येतो. २५ जानेवारी २००५, मंगळवार, पौष पौर्णिमा. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा होती. आमच्या भागातून काळूबाईला जाणारी घरे पुष्कळ. टेम्पो भरून माणसे जातात. डोंगरावरची वाट अरुंद आणि चढाची. दोन्ही बाजूंनी दुकाने. फोडलेल्या नारळांचे पाणी आणि देवीचे तेल सांडून फरशी निसरडी झालेली. माणसे घसरली, मागचे त्यांच्यावर आले. नंतर संतापलेल्या लोकांनी दुकाने पेटवली, गॅसच्या टाक्या फुटल्या, आगीतही माणसे गेली. सुमारे तीनशे जीव गेले. दोनच वर्षांपूर्वी, २७ ऑगस्ट २००३ ला, नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर ३९ भाविक चेंगरून मेले होते. म्हणजे धडा ताजा होता.

मांढरदेवीनंतर सरकारने मदत दिली आणि न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. इथे थोडे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आपली फसगत इथेच होते. चौकशी आयोग १९५२ च्या कायद्याखाली नेमतात. न्यायमूर्ती बसतात, साक्षी होतात, वकील उलटतपासणी घेतात. सगळे रूप न्यायालयाचे. म्हणून लोकांना वाटते की, आपला खटला चालू आहे. पण आयोग कोणाला शिक्षा करू शकत नाही आणि कोणाला एक रुपया देववू शकत नाही. तो सरकारला अहवाल देतो. त्या अहवालातून मयताच्या घरच्या माणसाच्या हातात हुकूमनामा पडत नाही. आणि आयोगाचे काम चालू आहे म्हणून दावा लावण्याची मुदत थांबून राहत नाही. मृत्यूबद्दलच्या दाव्याला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे मृत्यूच्या दिवसापासून २ वर्षे मिळतात. माणूस दुःखातून उठेपर्यंत, आयोगापुढे हेलपाटे घालेपर्यंत, सरकारी धनादेशाची वाट पाहीपर्यंत ती सरतात. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोर्ट फी परवडत नसेल तर नादार म्हणून अर्ज करता येतो, ही सोयही पुष्कळांना माहीत नसते.

ज्यांनी मुदत, अहवाल, धनादेश यांत न अडकता झगडा केला त्यांची उदाहरणे उत्तरेकडची आहेत. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागून ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. जादा खुर्च्यांनी वाट अडवलेली आणि दार बंद. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती या दांपत्याची दोन्ही मुले त्यात गेली. त्यांनी इतर घरांना जमवून संघटना उभी केली आणि थेट उच्च न्यायालयात रिट अर्ज केला. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मयतासाठी १८ लाख आणि त्याखालच्यासाठी १५ लाख रुपये ठरवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते १० लाख आणि साडेसात लाखांवर आणले. मालकाला जरब बसावी म्हणून लावलेले अडीच कोटी २५ लाख केले. भरपाईचा ८५ टक्के बोजा चित्रपटगृहाच्या मालकांवर, १५ टक्के वीज मंडळावर. परवाना देणारे अधिकारी आणि महानगरपालिका सुटल्या. मला विचाराल तर या निकालाने एक हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. कागदावर सही करणाऱ्याला काहीच लागत नसेल तर सही कशासाठी?

हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाला आग लागून चारशेहून अधिक माणसे, त्यांत कितीतरी मुले, गेली. २००९ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने शाळा आणि सरकारी यंत्रणा दोघांवर भरपाई विभागून टाकली. मेरठला १० एप्रिल २००६ ला ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला आग लागली, ६५ जण मेले. तिथल्या आयोजकांनीही तेच जुने वाक्य म्हटले की, मांडव ठेकेदाराचा होता. १२ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के व राज्य सरकारवर ४० टक्के ठेवली. कोणाला किती द्यायचे याचा हिशेब करायला जिल्हा न्यायाधीश नेमायला सांगितले. आगीपासून या आदेशापर्यंत १६ वर्षे, आणि हिशेब अजून पुढेच होता. चेल्टनहॅमचा १८७० चा मुद्दा पुन्हा सिद्ध करायला आपल्याला २०२२ उजाडले.

महाराष्ट्रात या काळात वारे दुसऱ्या दिशेने वाहिले. विम्याच्या. दहीहंडीची उंची २० फूट आणि गोविंदांचे वय किमान १८, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. पुढे वाद होत होत २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी एवढे राहिले. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटले आणि थरावरून पडून मेलेल्या गोविंदाच्या घरी १० लाख रुपये देण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा सरकारने उतरवला. त्याच वर्षी वारकऱ्यांसाठी विठ्ठल-रुक्मिणी विमाछत्र योजना आली. वारीच्या दिवसांत मृत्यू आल्यास ५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास १ लाख. मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४ कोटींहून अधिक रकमेचा विमा घेतला. त्यातला मोठा भाग कार्यकर्ते, पुजारी, आचारी यांच्या अपघाताचा आणि दागिन्यांचा होता. येणाऱ्या भाविकाला काही झाले तर त्याची भरपाई देणारा, म्हणजे सार्वजनिक दायित्वाचा विमा त्यात ३० कोटींचा होता. आमच्या तालुक्यातल्या मंडळांना कोटींची गरज नाही. पण विम्याच्या या शेवटच्या प्रकाराचे नाव तरी किती मंडळांनी ऐकले असेल?

विमा वाईट नाही. पैसे लवकर मिळतात, भांडावे लागत नाही. पण विम्याचे पैसे देताना कोणी विचारत नाही की चूक कोणाची. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने मेले. सरकारने प्रत्येकी ५ लाख दिले. भर उन्हात समारंभाची वेळ कोणी ठरवली, या प्रश्नाला ते ५ लाख हे उत्तर होऊ शकत नाही. आणि मदत जाहीर झाली म्हणजे हातात पडते असेही नाही. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ ला मौनी अमावस्येच्या चेंगराचेंगरीत सरकारी आकड्याप्रमाणे ३० भाविक गेले. प्रत्येकी २५ लाख जाहीर झाले. ते द्यायला झालेल्या दिरंगाईबद्दल जून महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाला सरकारला खडसवावे लागले.

राहिला आपला रस्ता. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी म्हणून रुंद झाला आहे. रुंद रस्त्यावर गाड्या वेगाने धावतात आणि त्याच कडेने दिंड्या चालतात. १९ नोव्हेंबर २०१९ ला दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघे गेले. अशा प्रसंगी दावा जातो मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे. ते बारामतीतही आहे. पुण्याला हेलपाटे नकोत. २०१९ च्या दुरुस्तीने या अर्जाला ६ महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. मात्र केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. तिकीट काढून पाळण्यात बसलेल्याला इजा झाली तर ग्राहक आयोगाचीही वाट आहे, तिथे मुदत २ वर्षांची. तिकिटाचा तुकडा मात्र जपून ठेवावा लागतो, आणि जत्रेतून परतताना तो तुकडा खिशात ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. वारीत एकटी माणसे पुष्कळ असतात. लग्न न केलेला, भावाच्या घरी राहणारा, शेतात राबून भावाचा संसार ओढणारा असा एखादा वारकरी दिंडीत चालत असतो. तो ट्रकखाली सापडला तर भाऊ भरपाई मागू शकतो. कारण मोटार कायद्यात ‘कायदेशीर प्रतिनिधी’ असा शब्द आहे आणि १९८७ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मयत मुलाच्या भावाचा दावा मान्य केला. पण तोच वारकरी त्याच रस्त्यावर रिंगणाच्या गर्दीत चेंगरून मेला, तर दावा १८५५ च्या कायद्याखाली जातो. त्या कायद्याच्या यादीत बायको, नवरा, आईबाप, मुले एवढेच आहेत. मयताच्या स्वतःच्या मालमत्तेचे काही नुकसान झाले असेल तर ते वारसांना मागता येते. पण घराचा आधार गेला म्हणून भावाला किंवा बहिणीला काही मागता येत नाही. आजीला येते, नातवाला येते, सावत्र मुलालाही येते. लंडनमध्ये १८४६ मध्ये जे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून ही यादी केली, त्यात एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ नव्हते. निमगाव केतकीत, सणसरमध्ये, लासुर्ण्यात अशी घरे अजून आहेत.